पोटमाळ्यावरचे हिशेब आणि विद्यापीठातला विभाग

(वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात या सदरात आर्थिक इतिहास या विषयाची ओळख करून देताना मी ओघात असे लिहून गेलो होतो की, कोकणातल्या पोटमाळ्यांवर वाळवी खात असलेले हिशेबाचे कागद विद्यापीठातल्या संशोधकाला सरकारी दप्तराइतकेच मोलाचे असतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, आणि नाव छापू नये अशी बहुतेकांची इच्छा असल्याने केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : मी तृतीय वर्ष कला शाखेत अर्थशास्त्र शिकते. पुढे आर्थिक इतिहास घ्यावा असे मनात आहे, पण वडील म्हणतात, ‘ना धड इतिहास, ना धड अर्थशास्त्र, असले कडबोळे कशाला?’ अशा विभागात दिवसभर नेमके चालते तरी काय, आणि पुढे नोकरीचे काय? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : वडिलांना सांगा की कडबोळ्याला भाजणी चार धान्यांचीच लागते. या विषयातले प्रश्न अर्थशास्त्राचे असतात, म्हणजे मजुरी कशाने ठरते, भाव का चढतो, कर्ज कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, असे. उत्तरे मात्र दप्तरे उलगडून शोधावी लागतात. परदेशांत या विषयाला स्वतंत्र घर मिळून बराच काळ झाला. हार्वर्ड विद्यापीठात १८९२ मध्ये विल्यम ॲशली यांच्यासाठी आर्थिक इतिहासाचे अध्यासन निर्माण झाले, मँचेस्टरला १९१० मध्ये जॉर्ज अन्विन यांच्यासाठी झाले, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तर आजही या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे असा विभाग विरळाच. बहुतेक ठिकाणी अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विभागात एखाददुसरा पेपर आणि दोनतीन हौशी प्राध्यापक एवढ्यावर काम चालते. विषय मात्र परका नाही. इंग्रजी राजवटीत देशातली संपत्ती बाहेर वाहून जाते, हा दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी मांडलेला वाद मूलतः आर्थिक इतिहासाचाच होता, आणि धनंजयराव गाडगीळांचा भारतीय उद्योगांच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२४ मध्ये, म्हणजे पुण्याची गोखले संस्था स्थापन होण्याच्या सहा वर्षे आधी, प्रसिद्ध झाला होता. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध १९२३ मध्ये लंडनला पूर्ण केला. रुपयाचे काय व्हावे हे सांगण्याआधी रुपयाचे आजवर काय काय झाले हे त्यांनी त्यात तपशिलाने लिहिले आहे.

दिवसभर काय चालते, तर बाहेरच्या माणसाला कंटाळा यावा असे पुष्कळ काही चालते. मी ज्या विभागात शिकवले तिथे सर्वांत जास्त झिजलेली वस्तू म्हणजे लाकडी फूटपट्टी होती. जमाबंदीच्या किंवा जनगणनेच्या तक्त्यात डावीकडे गावाचे नाव आणि उजवीकडे पंधराव्या रकान्यात आकडा असतो. पट्टी ओळीखाली धरली नाही तर नजर घसरते आणि हर्णैचा आकडा दाभोळच्या नावावर जातो. सकाळचे दोनतीन तास हेच काम चाले. आता आकडे थेट एक्सेलमध्ये भरतात, तरी पट्टी आहेच. दुपारी शिकवणे, आणि गुरुवारी चार वाजता परिसंवाद. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने आपला निबंध आठवडाभर आधी सर्वांना वाटायचा, पंधरा मिनिटे बोलायचे आणि मग तासभर मार खायचा, असा त्याचा रिवाज. एका मुलाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या भाताच्या भावाचा सुरेख आलेख काढून आणला होता. मागच्या बाकावरच्या बाईंनी एवढेच विचारले, ‘हा भाव खळ्यावरचा, की बंदरावरचा?’ गलबताचे भाडे, हमाली आणि दलाली मध्ये आली की एकाच दिवशी एकाच भाताचे दोन भाव होतात, हे त्या मुलाला ठाऊक होते. आपल्या तक्त्यातली पहिली वीस वर्षे एका ठिकाणची आणि पुढची दुसऱ्या ठिकाणची आहेत हे मात्र त्याने पाहिलेच नव्हते. आलेखातली चढण बरीचशी त्यामुळेच आलेली होती. तो पुन्हा अभिलेखागारात गेला आणि दोन महिन्यांनी परतला. त्या वेळी त्याचा आलेख बराच सपाट झाला होता आणि निबंध बराच चांगला.

नोकरीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. जागा थोड्या आहेत, आणि त्याही अर्थशास्त्र किंवा इतिहास या नावाने निघतात. म्हणून पदव्युत्तर पदवी या दोहोंपैकी एका विषयात घ्यावी आणि प्रबंधाचा विषय आर्थिक इतिहासातला निवडावा. अध्यापनाखेरीज अभिलेखागारांचाही विचार करावा. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे अभिलेखागार पुण्यात आहे, टाटा समूहाचेही तिथेच आहे. मोडी येत असेल तर आपल्या अर्जाचे वजन वाढेल.

प्रश्न : घराची कौले उतरवून पत्रे घालताना माळ्यावर एक ट्रंक सापडली. आत फडक्यात बांधलेले मोडी कागद आहेत. एका पानाचा फोटो सोबत पाठवीत आहे. जुन्या वस्तू घेणारा एक मनुष्य शिक्क्यांचे कागद तेवढे वेगळे काढून मागतो आहे. द्यावेत का? आणि विद्यापीठाला अशा कागदांचे काय करायचे असते? (गृहिणी, राजापूर तालुका)

उत्तर : ताई, शिक्क्यांचे कागद त्या गृहस्थांना देऊ नका. तो माणूस लबाड आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्याला शिक्का हवा आहे आणि आम्हांला त्या कागदाचे शेजारी हवे आहेत. ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. विद्यार्थी असताना एका घरातला रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मला अभ्यासाला मिळाला. आत तीनएकशे कागद होते. मी मोठ्या उत्साहाने सगळे सोडवले, तारखा लावल्या आणि जुन्यापासून नव्यापर्यंत असे लावून पुन्हा बांधले. मार्गदर्शकांना दाखवायला गेलो तर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘आता यातले कुठले कागद आजोबांनी एकत्र ठेवले होते, हे कोण सांगणार?’ एका कर्जाची चिठ्ठी, त्याच कर्जापोटी गहाण पडलेल्या आंब्याच्या कलमांची यादी आणि वीस वर्षांनंतरची फिटल्याची पावती त्या घरच्या कारभाऱ्याने एका सुतळीत बांधली असणार. मी ती सुतळी सोडली होती. कोणती पावती कोणत्या कर्जाची, हे त्या रुमालात आजही कळत नाही.

म्हणून कागद सोडवण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचा वरून फोटो घ्यावा, आणि मग ज्या क्रमाने कागद निघतील त्या क्रमाने, दोन्ही बाजूंचे फोटो काढून, त्याच क्रमाने परत ठेवावेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, आणि उन्हात वाळवायला घालू नये. नवे मांजरपाट आणून ते दोनदा धुऊन खळ काढावी, कारण कागदाआधी किडा खळीवर येतो. कागद त्यात बांधावेत. आपल्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, तेव्हा ट्रंक भिंतीपासून हातभर दूर, पाटावर ठेवावी. विद्यापीठाला किंवा अभिलेखागाराला फोटो देऊन मूळ कागद घरीच ठेवता येतात; मूळ कागद द्यायचे ठरले तर मोजून आणि लेखी पोच घेऊन द्यावेत. मोडी वाचणारे जवळपास नसतील तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे वर्ग घेतले जातात, तिथे चौकशी करावी. घरातल्या एखाद्या मुलीने चार महिने मन लावले तर हिशेबाची मोडी येऊ लागते, कारण तेच तेच शब्द पुन्हा येतात.

आपण पाठवलेल्या पानाकडे आता वळतो. वर शके १६९१, विरोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास असे आहे, आणि बाजूला ‘सबैन मया व अलफ’ हे शब्द आहेत. ते अरबी अंक आहेत : सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारा सुहूर सन ११७०. हा सन मृगापासून सुरू होतो. त्यात पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. शकाच्या १६९१ मध्ये ७८ मिळवले तरी १७६९ च येते. दोन्ही वाटांनी एकाच वर्षी पोहोचलो, म्हणजे पान १७६९ च्या पावसाळ्याच्या तोंडचे आहे, असे धरायला हरकत नाही.

खाली लिहिले आहे की एका कुळाला एक खंडी भात ‘सवाईने’ दिले. म्हणजे वीस मण नेले, आणि कार्तिकात पंचवीस मण आणून घालायचे. पाच महिन्यांत वीसावर पाच. वर्षाच्या हिशेबाने शेकडा ६० व्याज झाले, आणि सावकाराला शिव्या देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. विभागातला माणूस इथे थांबून विचारतो की, या दोन वेळी भाताचा भाव काय होता? ज्येष्ठात भात महाग, कापणीनंतर स्वस्त. समजा (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत) कार्तिकात मणाला एक रुपया पडत होता आणि ज्येष्ठात त्याहून पाचवा हिस्सा जास्त. मग सावकाराने २४ रुपयांचे भात दिले आणि २५ रुपयांचे परत घेतले. रुपयांत पाहिले तर त्याला पाच महिन्यांत शेकडा चारच सुटले. कुळाचे मात्र रुपयांशी देणेघेणे नव्हते. त्याच्या कणगीतून पंचवीस मण गेले, आणि पुढच्या ज्येष्ठात तो पुन्हा त्याच ओट्यावर उभा राहिला. एकच व्यवहार रुपयात मोजला तर एक दिसतो आणि भातात मोजला तर दुसरा. विद्यापीठाला आपले पान हवे असते ते यासाठी. अशी तीसचाळीस वर्षांची पाने सलग मिळाली, त्यांत विक्रीचे भावही नोंदलेले असले, तर पावसाळ्यातले आणि कापणीनंतरचे भाव किती दूर असत हे प्रत्यक्ष काढता येते, आणि सवाई हा सावकाराचा लोभ होता, की जोखमीची किंमत, की दोन्ही, यावर काही बोलता येते.

एक सावधगिरी. खंडीचे वीस मण सगळीकडे सारखे असले तरी मणाच्या पायल्या आणि पायलीचे शेर गावोगाव बदलत. घरात जुनी लाकडी किंवा पितळी पायली असेल तर तीही भंगारात घालू नका; तिच्यात तांदूळ भरून वजन करून ठेवा. कागदातल्या मणाचे किलो करायला तेवढाच आधार असतो.

प्रश्न : या विषयाला गणित कितपत लागते? माझे कच्चे आहे. (वेंगुर्ले)

उत्तर : मघाशी केले तेवढे तर लागतेच, आणि पुढे जायचे तर संख्याशास्त्रही लागते. आर्थिक इतिहासात गणिती पद्धती रुजवणाऱ्या रॉबर्ट फोगेल यांना डग्लस नॉर्थ यांच्यासह १९९३ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला आणि स्त्रियांच्या कामाचा व मिळकतीचा दोनशे वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चा. पण २०२५ च्या पारितोषिकाचे एक मानकरी जोएल मोकीर यांचे मुख्य काम विचारांच्या आणि तंत्रांच्या इतिहासावरचे आहे, त्यात समीकरणे बेताचीच. वेंगुर्ल्याला तर सतराव्या शतकात डचांची वखार होती. डच भाषा शिकलात तर गणिताची भरपाई सहज होईल.

प्रश्न : आपल्या लेखात खोतांच्या घरचे कागद, सावकारांचे कागद यांचे कौतुक वाचले. आमचे पणजोबा कूळ होते. त्यांच्याकडे कागद नव्हता, होता तो अंगठा. मग तुमचा विभाग ज्यांच्याकडे कागद त्यांचाच इतिहास लिहिणार काय? (दापोली)

उत्तर : आपला राग रास्त आहे, आणि तो माझ्या विषयाच्या दुखऱ्या जागेवर बरोबर बसला आहे. विद्यापीठांतल्या विभागांत बराच काळ ज्यांच्या घरी ट्रंका होत्या अशा घरांतलीच माणसे आली. माझेही घर त्यांतलेच. त्यामुळे कोकणातल्या गावांचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार जो खोत, त्या खोताचा हक्क, खोताची सनद, खोत आणि सरकार यांच्यातले वाद यांवर पुष्कळ लिहिले गेले आणि कुळाच्या जेवणावर थोडे.

तरी खोताची वही कुळाबद्दल मुकी नसते, तिला प्रश्न मात्र खोताचे विचारून चालत नाही. कुळांपैकी धारेकरी सरकारी धारा, म्हणजे जमिनीचा सारा, तेवढा भरी. अर्धेलीने कसणाऱ्याला पिकाचा निम्मा वाटा द्यावा लागे. हा निम्मा ठरायचा कसा, तर पीक उभे असताना खोताचा माणूस शेतावर येऊन अंदाज बांधी; त्याला अभावणी म्हणत. वहीत अभावणीचा आकडा असतो आणि पुढे वसुलीचा असतो. दोन्ही शेजारी लावले की ज्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी अंदाज किती फुगवलेला होता ते बाकीच्या रकान्यात उतरते. ती बाकी पुढच्या पानावर, तिथून त्याच्या पुढच्या पानावर ओढली जाते, आणि एखाद्या पानावर कुळाचे नावच राहत नाही. तो मेला, मुंबईला गेला की जमीन सोडून दुसऱ्या गावी गेला, हे वही सांगत नाही. तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते. वेठीची नोंद तर क्वचितच सापडते, कारण जिचे पैसे द्यायचे नाहीत ती हिशेबात कशाला येईल? खोताकडे द्यायचे माप शिगोशीग आणि खोताकडून यायचे माप सपाट, ही तक्रार मी दोन तालुक्यांत ऐकली आहे. वहीत दोन्ही ठिकाणी ‘मण’ एवढेच लिहिलेले असते.

वहीबाहेरही जागा आहेत. खोती गावांच्या मोजणीत तयार झालेली बोटखते आहेत, त्यांत कोण कोणत्या हक्काने कसतो ते नावानिशी लिहिलेले आहे. दिवाणी दाव्यांतल्या जबान्या आहेत. त्या कारकुनाच्या भाषेत असल्या तरी मधेच एखादे वाक्य कुळाच्याच तोंडचे निसटून आलेले असते. अलिबागजवळच्या चरीचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसायचे नाकारले, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि अखेर १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला. या काळातल्या सभांच्या बातम्या आणि अर्ज यांत कूळ स्वतः बोलते. आपल्या पणजोबांचे नाव आणि गाव ठाऊक असेल तर बोटखतापासून सुरुवात करा. तिथे त्यांचे नाव सापडले तर आपल्या घराचाही पहिला कागद सापडला असे समजा, भले तो दुसऱ्याने लिहिलेला का असेना.

प्रश्न : वडील मुंबईला गिरणीत होते. ते दर महिन्याला मनिऑर्डर पाठवीत. तिची कूपने आईने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली आहेत. १९६४ ते जानेवारी १९८२ अशी आहेत. त्यांवर ‘पैसे पाठवले, सांभाळून खर्च करा’ एवढेच असते. याला इतिहास म्हणतात का? (गुहागर)

उत्तर : म्हणतात, आणि असा सलग अठरा वर्षांचा डबा विभागात आणलात तर गुरुवारचा परिसंवाद रद्द होऊन सगळे त्याच्याभोवती बसतील. टपाल खात्याने आपल्याकडे मनिऑर्डर सुरू केली १८८० मध्ये. तोपर्यंत मुंबईतली पहिली कापड गिरणी उभी राहून पाव शतक होत आले होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे बोटीने तिकडे जाऊ लागली होती. पुढची शंभर वर्षे कोकण मनिऑर्डरवर जगला असे आपण सगळेच म्हणतो. पण घरोघर किती रुपये आले, मिळकतीतला कितवा हिस्सा आला, ते नांगरणीच्या आधी आले की सणाच्या आधी, हे सांगणारी कागदपत्रे फार थोडी. गिरणीच्या दप्तरात पगार सापडेल, पोस्टाच्या अहवालात एकूण रक्कम सापडेल. एका माणसाने एका घराला काय पाठवले ते फक्त आपल्या आईच्या डब्यात आहे.

कूपने तारखेने लावण्याआधी मघाच्या उत्तरातली माझी चूक आठवा. आईने ती जशी ठेवली असतील तशीच आधी फोटोत घ्या. मग एका वहीत तारीख, रक्कम, पाठवल्याचे पोस्ट आणि मजकूर असे चार रकाने पाडा. वडिलांचे पगारपत्रक किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद असेल तर त्या महिन्याचा पगार पाचव्या रकान्यात भरा. मुंबईत खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि गावच्या मंडळाची वर्गणी किती असे, हे त्यांच्या खोलीवर राहिलेल्या कोणा गाववाल्याला विचारून ठेवा.

शेवटच्या कूपनाचा महिना आपण लिहिला आहे, पण कारण लिहिलेले नाही. ते लिहायची गरजही नसावी. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यापुढच्या महिन्यांत आपल्या घरी पैसे कुठून आले, काय गहाण पडले, कोणी उसने दिले, कोणाची शाळा सुटली, हे कुठल्याही कागदावर नाही. आई आहेत तोवर डबा मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ बसा. फेब्रुवारीपासून एकेक महिना विचारा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्याच वहीत, तारखेपुढे रक्कम कोरी ठेवून लिहा.